निळी बुरशी ताटात कशी आली?

पावसाळ्यात पाव चार दिवस डब्यात राहिला की त्याच्यावर निळसर हिरवी बुरशी धरते. आई तो पाव फेकून देते. पण फ्रान्समधील एखाद्या घरी तुम्ही जेवायला गेलात, तर गोड पदार्थाच्या आधी निळ्या रेषांचा एक पांढरा तुकडा तुमच्यापुढे येईल. हे रॉकफोर चीज. त्यातील निळ्या रेषा म्हणजेही बुरशीच! मग एक बुरशी कचऱ्यात आणि दुसरी ताटात, असे का?

गुहेतील चीज

दक्षिण फ्रान्समध्ये कोंबालू नावाचा डोंगर आहे. त्याच्या पोटातील गुहा थंड व दमट असून खडकांच्या भेगांतून त्यांत सतत हवा खेळते. मेंढीच्या न तापवलेल्या दुधाचे चीज येथे मुरवतात. फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याने 1411 साली रॉकफोर गावाला या कामाचा खास हक्क दिला होता.

या बुरशीचे नाव पेनिसिलियम रॉकफोर्टी. पूर्वी ती राय धान्याच्या पावावर वाढवीत आणि वाळवून तिची पूड करीत. ही पूड चीजमध्ये मिसळतात, वरून मीठ चोळतात आणि चीजला सुयांनी आरपार भोके पाडतात. बुरशीला प्राणवायू लागतो, तो या भोकांतून मिळतो. म्हणूनच निळ्या रेषा बहुधा भोकांच्या वाटेने उमटतात. रंग असतो तो बुरशीच्या बीजाणूंचा. चीज तयार होण्यास निदान 90 दिवस लागतात.

वास कोठून येतो?

बुरशीतील एंझाइमे दुधातील स्निग्ध पदार्थ फोडतात. त्यांतून मेदाम्ले सुटतात आणि काही मेदाम्लांपासून कीटोने बनतात. चीजचा उग्र वास मुख्यतः या कीटोनांचा. तुम्हाला तो अगदीच अनोळखी नाही! बुरशी धरलेल्या सुक्या खोबऱ्याच्या खवट वासातही याच जातीची कीटोने असतात.

घरी खाण्याच्या तऱ्हा

हे चीज खारट, उग्र आणि किंचित कडवट. म्हणून ते नुसते न खाता लोक निरनिराळ्या जोड्या जमवतात. प्रत्येक जोडीमागे काही विज्ञान आहे.

१. मधाबरोबर : गोडीमुळे खारटपणा व कडवटपणा जिभेला कमी जाणवतो.

२. नासपतीच्या फोडीवर : रसाळ, किंचित आंबट फळामुळे तोंडातील तुपकटपणा हलका होतो.

३. लोण्यात समभाग मळून पावावर : कीटोने स्निग्ध पदार्थात सहज विरघळतात. लोणी त्यांना धरून ठेवते, त्यामुळे वास सौम्य होतो.

४. गोठवून, किसून गरम उकडलेल्या बटाट्यावर : बारीक कीस लगेच वितळतो आणि चिमूटभर चीजही पुरते.

५. सॉसमध्ये : भांडे चुलीवरून उतरवल्यावरच चीज घालतात. फार वेळ उकळले तर वास उडून जातो.

नुसते खायचे असेल, तर ते तासभर आधी थंड कपाटातून बाहेर काढतात. गारठलेल्या चीजला वास कमी येतो.

पण सावधान!

हे वाचून पावावरची बुरशी चाखू नका. चीजमध्ये ओळखीची, निवडलेली बुरशी असते. मीठ, आम्लता व थंडावा यांमुळे इतर बहुतेक सूक्ष्मजीवांना तेथे वाव मिळत नाही. पावावर किंवा धान्यावर कोणती बुरशी आली आहे, हे मात्र नुसत्या रंगावरून सांगता येत नाही. ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. 1974 साली राजस्थान व गुजरातमधील काही खेड्यांत पावसात भिजून बुरशी धरलेला मका लोकांनी खाल्ला. यकृताच्या विकाराने शंभराहून अधिक माणसे दगावली. हे विष नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. बुरशीचा वरचा थर खरवडूनही पाव निर्धोक होत नाही, कारण तिचे तंतू आत शिरलेले असतात.

तेव्हा आई पाव फेकते ते योग्यच, आणि फ्रान्समधील गृहिणी चीज वाढते तेही योग्यच. फरक आहे तो बुरशीची ओळख असण्याचा.

करून पाहा

१. दोन वाट्यांत थोडे साजूक तूप घ्या. एक वाटी बर्फात ठेवा, दुसरी कोमट पाण्यात. दहा मिनिटांनी दोन्हींचा वास घ्या. कोणत्या तुपाचा वास अधिक येतो? का?

२. नाक घट्ट दाबून वेलदोड्याचे दोन दाणे चावा. मग नाक सोडा. काय फरक जाणवला? यावरून चवीत नाकाचा वाटा किती, ते तुमच्या वहीत लिहा.