बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच : लायनिंग बदलण्याआधी कारण शोधा

नाशिक आणि सांगली भागांतील द्राक्षबागांत वर्षानुवर्षे राबलेले छोटे ट्रॅक्टर आजही पाहावयास मिळतात. वेलींच्या दोन ओळींमधून ते सहज जातात आणि मागे फवारणीचा ब्लोअर चालवितात. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला की केवड्याच्या भीतीने बागायतदाराला ताबडतोब फवारणी करावी लागते. अशा वेळी क्लच गेला आणि ट्रॅक्टर दोन दिवस उभा राहिला, तर वर्षाचे पीक धोक्यात येते. म्हणूनच क्लच बांधणाऱ्या कारागिराच्या शब्दाला मोल आहे.

आम्ही पेशाने कापडवाले. तरीही हे काम आम्हांला अगदी परके वाटत नाही. पूर्वी क्लचचे लायनिंग अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉसच्या सुतात पितळी तार घालून विणीत आणि राळेत मुरवून दाबीत. म्हणजे एका अर्थी तेही कापडच. कपडा एकाच जागी पुन्हा पुन्हा विरत असेल, तर रफू करण्यापूर्वी तो कुठे घासतो हे पाहावे लागते. क्लचचेही तसेच आहे.

प्रथम क्लचची रचना ध्यानात घेऊ. इंजिनाच्या फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही अंगांना लायनिंग असते. स्प्रिंगांच्या दाबाने ती आवळली जाते आणि इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग बोटांवर रेटते, दाब सुटतो आणि प्लेट मोकळी होते. प्लेट घसरू लागली की इंजिनाचा आवाज चढतो, पण ट्रॅक्टर ओढत नाही, आणि जळका वास येतो.

झीज लवकर होण्याची मुख्य कारणे तीन. पहिले, चालकाचा पाय सतत पेडलवर असणे. बागेत ओळीच्या टोकाला वारंवार वळावे लागते आणि अर्ध्या क्लचवर गाडी सरकविण्याची सवय लागते. दुसरे, पेडलचा मोकळा खेळ संपणे. खेळ नसेल तर बेअरिंग सतत बोटांना टेकून राहते आणि क्लच पूर्ण बसतच नाही. तिसरे, तेल. इंजिनाचे मागील सील किंवा गिअरबॉक्सचे पुढील सील गळत असेल, तर नवे लायनिंगही थोड्याच दिवसांत घसरू लागते. असे एक काम आमच्या पाहण्यात आले. कारागिराने लायनिंग उत्तम बसविले होते. सील मात्र जुनेच ठेवले. तिसऱ्या आठवड्यात ट्रॅक्टर परत आला. सीलचे काही पैसे वाचले, पण मजुरी दुसऱ्यांदा करावी लागली आणि गिऱ्हाईक कायमचे गेले.

क्लच काढण्यासाठी बहुतेक ट्रॅक्टर मधोमध दोन भागांत सोडवावे लागतात. तत्पूर्वी पुढील धुरीवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकाव्यात. नाहीतर इंजिन कलंडून जीवावर बेतू शकते. दोन्ही भागांना भक्कम आधार द्यावा. केवळ जॅकवर भरवसा ठेवू नये.

प्लेट हाती आली की रिव्हेटची डोकी पाहावीत. लायनिंग झिजून डोकी वर येऊ लागली असतील तर ते बदलावे. डोकी उघडी पडली की फ्लायव्हीलवर चरे पडतात. मधला स्प्लाइन झिजला असेल किंवा पत्रा तडकला असेल, तर नवीच प्लेट घ्यावी. रिव्हेट पितळ किंवा तांब्याचे, मऊ असावेत. एकापाठोपाठ एक न ठोकता समोरासमोरचे ठोकत जावे, म्हणजे लायनिंग फुगत नाही. शेवटी प्लेट फिरवून ती डुलत नाही ना, हे पाहावे.

फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चरे असतील तर खरादावर अगदी थोडी कात काढावी. खोल तडा असेल तर ते वापरू नये. प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या करून उंची ताडून पाहावी. आखूड झालेली स्प्रिंग दाब देत नाही. सर्व बोटांची उंची सारखी लावावी. रिलीज बेअरिंग डिझेलमध्ये धुऊ नये, आतील ग्रीस निघून जाते. जोडताना जुन्या शाफ्टने प्लेट मधोमध धरावी आणि बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. शेवटी पेडलचा खेळ कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. जुन्या लायनिंगची धूळ हवेच्या पाइपाने उडवू नका. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू छातीत जातात आणि त्यांचा आजार वीस, तीस, चाळीस वर्षांनी डोके वर काढतो. तो फुप्फुसाचा कॅन्सरही असू शकतो. २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला, तो याच कारणाने. गल्लीतल्या गॅरेजात अशी नोंद कोण ठेवणार? तेथे आपली काळजी आपणच घ्यायची. धूळ साबणाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावी, फडके पिशवीत बांधून टाकावे, कोरडे लायनिंग कानशीने घासू नये आणि कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. शिकाऊ मुलांना तर या धुळीपासून दूरच ठेवावे. नवे लायनिंग घेताना अ‍ॅस्बेस्टॉसविरहित मागावे.

हिशेबाविषयी दोन शब्द. या कामात मोठा वाटा ट्रॅक्टर सोडविण्या-जोडण्याच्या मजुरीचा असतो. म्हणून उघडल्यावर सील आणि बेअरिंग बदलणे गिऱ्हाइकाच्याच फायद्याचे आहे, हे त्याला आधी समजावून सांगावे. बिलात प्रत्येक वस्तू वेगळी लिहावी. जुने भाग त्याला दाखवावेत. धुळीचे लायनिंग मात्र पिशवीत बांधूनच. आणि पेडलवर पाय ठेवून गाडी चालवू नये, हे चालकाला समोर बसवून सांगावे. एवढे केले, तर पुढच्या छाटणीला तो ट्रॅक्टर बागेत असेल आणि शेजारचा बागायतदार आपला पत्ता विचारीत येईल.