एकटा स्वार आणि संघाचा व्यूह

आपल्या गोव्यात किंवा चोर्ला घाटापलीकडे बेळगावच्या बाजूस एखाद्या उत्सवानिमित्त सायकलींची शर्यत भरली, की शाळेतील एखाददुसरा विद्यार्थी तीत नाव घालतो. तेथे एकाच रंगाचे सदरे घातलेले शहरातील मंडळाचे पाच-सहा जण आधीच उभे असतात. निकालानंतर घरी येऊन आमचा विद्यार्थी सांगतो, "ते टोळीने आले होते, एकट्याचे तेथे काय चालणार?" वडील मंडळी मान डोलावतात आणि पुढच्या वर्षी नाव घातले जात नाही. ही तक्रार खोटी नाही, परंतु अपुऱ्या समजुतीवर उभी आहे. संघ एकट्याला नेमका कशाच्या बळावर मागे टाकतो, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

सायकलस्वाराचा पहिला प्रतिस्पर्धी माणूस नसून वारा होय. वारा पडलेला असला तरीही स्वाराला समोरची हवा दूर सारावीच लागते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट. विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे. ताशी ३० किलोमीटरवरून ४० किलोमीटरवर जाताना वेग केवळ एकतृतीयांशाने वाढतो. परंतु ३० व ४० यांच्या घनांचे गुणोत्तर २७ : ६४ आहे. म्हणजे हवेपुरती शक्ती दुपटीहूनही अधिक लागते! सपाट रस्त्यावर इतक्या वेगाने जाणाऱ्याचे बहुतेक श्रम हवेलाच अर्पण होतात.

आता हाच स्वार दुसऱ्याच्या मागच्या चाकाला जवळजवळ भिडून चालू लागला, तर पुढच्याने फोडलेल्या हवेतून त्यास वाट मिळते आणि त्याच वेगासाठी त्याचे सुमारे पाव ते एकतृतीयांश श्रम वाचतात. मोठ्या जथ्याच्या पोटात तर याहूनही अधिक. (बस किंवा ट्रक यांच्या मागे हा प्रयोग कोणीही करू नये, हे येथेच बजावून ठेवतो.) संघाचे सारे शास्त्र या आडोशावर उभे आहे. पाच जणांपैकी चौघे पाळीपाळीने पुढे राहून वारा अंगावर घेतात आणि पाचव्याला शेवटच्या धावेसाठी ताजा ठेवतात. आपल्या किनाऱ्यावर रापण ओढताना अनेक हात दोराला लागतात आणि मासळीचे वाटे होतात, तद्वतच व्यावसायिक संघांत बक्षिसाची रक्कम मदतनीसांत वाटून घेण्याची रीत आहे. पदक मात्र एकाच गळ्यात पडते. ज्यांची नावे वृत्तपत्रात येत नाहीत, त्या चौघांविषयी मला नेहमीच अधिक आदर वाटत आला आहे.

परंतु आडोसा हे संघाचे अर्धेच बळ झाले. दुसरे अर्धे बळ पाठलाग कोणी करावयाचा या प्रश्नात आहे. संघातील एक जण एकाएकी वेग वाढवून पुढे निसटतो. आपला एकटा स्वार धापा टाकीत त्यास गाठतो, तोच त्याच संघातील दुसरा निसटतो, मग तिसरा. प्रत्येक हल्ल्यास उत्तर देणारा एकटा चौथ्या खेपेस उरतच नाही. निसटलेल्याचे सोबती तर जथ्याच्या तोंडाशी येऊन नुसते बसून राहतात, पुढे ओढण्याची पाळी घेत नाहीत. मागील वेग मंदावतो आणि पुढचा दूर जातो. हे नियमबाह्य नाही, कपटही नाही. आपला सोबती पुढे असताना त्यांनी तरी त्याचा पाठलाग का करावा?

एकट्याच्या हाती जे आहे तेही याच नियमांतून निघते. प्रत्येक हल्ल्यास उत्तर देण्याचे ओझे त्याने आपल्या माथी घेऊ नये. ज्या दुसऱ्या संघाचा त्यात तोटा आहे, त्याला पाठलाग करू द्यावा आणि आपण त्याच्याच आडोशात चालावे. पुष्कळ जण येथे गनिमी काव्याची उपमा देतात. मला ती फारशी पटत नाही, कारण येथे 'शत्रू'च्या पाठीशी विसावा घेता येतो. अरुंद पूल किंवा तीव्र वळण येण्यापूर्वीच पुढच्या दहा-बारांत असावे, कारण मागे तुटलेली फट भरण्यास पुन्हा सारा वारा एकट्यालाच खावा लागतो. आणि चढ ओळखावा. चढावर वेग उतरतो, आडोशाचे मोल घटते, आणि प्रत्येकास आपले वजन आपणच वर न्यावे लागते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास 'घाटाचा राजा' म्हणण्याची प्रथा पडली, ती उगीच नव्हे. एकट्याने आला तो पहिला हल्ला घाटात करावा, सपाटीवर नव्हे.

यातील सर्वांत धाडसी उपाय म्हणजे आरंभीच निसटणे. टोकियोची ऑलिंपिक स्पर्धा महामारीमुळे एक वर्ष पुढे ढकलली गेली होती. तीत २५ जुलै २०२१ रोजी स्त्रियांची १३७ किलोमीटरची रस्ता-शर्यत झाली. नेदरलँड्सच्या चार स्पर्धक होत्या, आणि त्यांत २०१२ ची विजेती मारियान व्होस व २०१६ ची विजेती आना व्हान डर ब्रेखन या दोघीही होत्या. ऑस्ट्रियाची मात्र एकच : आना कीझनहोफर. ही गणितातील डॉक्टरेट मिळवलेली संशोधिका. त्या वर्षी कोणत्याही व्यावसायिक संघाशी तिचा करार नव्हता. सरावाचा आराखडाही ती स्वतःच आखीत असे.

शर्यत सुरू होताच ती पुढे निघाली. पोलंड, इस्राएल, दक्षिण आफ्रिका व नामिबिया येथील चौघी तिच्यासमवेत आल्या. या पाच जणी निरनिराळ्या देशांच्या, तरी वारा वाटून घेण्यापुरता त्यांचा एक संघच बनला. मागच्या बलाढ्य जथ्याने त्यांना महत्त्व दिले नाही. अंतर दहा मिनिटांहून अधिक वाढले. पाठलागाचा भार नेदरलँड्सने उचलावा असे इतर देशांना वाटत होते. आणि नेदरलँड्सच्या चौघींतही प्रत्येक जण स्वतः जिंकू शकेल अशी, मग कोणी कोणासाठी झिजावे? त्यातच या शर्यतीत कानाशी बिनतारी यंत्र बाळगण्यास परवानगी नव्हती.

शेवटचे सुमारे ४० किलोमीटर उरले असता कीझनहोफरने चढावर सोबतिणींनाही मागे टाकले. त्यांपैकी पोलंडची व इस्राएलची स्पर्धक शेवटच्या काही किलोमीटरांत जथ्याच्या हाती सापडल्या. असे निसटणे बहुधा असेच संपते. कीझनहोफर सापडली नाही. तिच्यामागून १ मिनिट १५ सेकंदांनी नेदरलँड्सची आनेमिक व्हान फ्लॉटेन अंतिम रेषेवर आली. पुढे अजून कोणी आहे हे तिला ठाऊकच नव्हते. आपणच प्रथम आलो अशा समजुतीने तिने दोन्ही हात उंचावले.