भावकीच्या खटल्यातली नावं

भालकी

चि. स्नेहा हिस अनेक आशीर्वाद.

खुनाच्या खटल्यात पहिलं वकीलपत्र दाखल केलंस, तेही भावकीच्या भांडणात आणि आरोपींच्या बाजूने, असं दादा फोनवर म्हणाला. आपल्या बीदर-कलबुर्गी पट्ट्यात बांधावरून कुऱ्हाड निघाली की फिर्यादीत सहसा एकट्याचं नाव येत नाही. चुलते, पुतणे, सोलापूरला नोकरीला असलेला मेहुणा, सगळे येतात. त्यात राग असतो, तसा हिशेबही असतो. पाच जण झाले की बेकायदा जमाव ठरू शकतो. मग न्याय संहितेच्या कलम १९० खाली, म्हणजे जुन्या दंड संहितेच्या १४९ खाली, घाव एकाने घातला तरी समान उद्दिष्ट सिद्ध झाल्यास खून सगळ्यांच्या माथी येतो. म्हणून प्रत्येक नाव वेगळं काढून तपास.

दलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य हा १९५३ चा निकाल पुन्हा वाच. तो लिहिला न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी. सुप्रीम कोर्टात जाण्याआधी ते नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. सात पुरुषांचं भवितव्य दोन बायकांच्या साक्षीवर अवलंबून आहे, म्हणून वेगळा पुरावा हवा, असा काही नियम नाही, हे त्यांनी बजावलं. जवळचा नातलग खऱ्या मारेकऱ्याला मोकळं सोडून भलत्याला गोवणार नाही, असंही सांगितलं. सरकारी वकील एवढंच वाचून दाखवतात. पुढचं तू वाच: वैर पेटलेलं असेल तर खऱ्या गुन्हेगाराच्या जोडीला एखादा निरपराधही ओढला जातो.

तेव्हा मयताच्या बायकोला सरसकट खोटी ठरवायला उभी राहू नकोस. पक्षकार तोच आग्रह धरतील. तिचा नवरा तिच्या डोळ्यांदेखत पडलाय. कोण कुठे उभा होता, कोणाच्या हातात काय होतं, एवढंच शांतपणे विचार. फिर्याद, तिचा पोलिसांपुढचा जबाब आणि शवविच्छेदनाचा अहवाल शेजारी शेजारी मांड. सहा जणांनी काठ्या घातल्या असं लिहिलंय आणि अंगावर धारदार हत्याराच्या दोनच जखमा निघाल्या, तर बाकीच्यांचा बचाव तिथून सुरू होतो.

आपल्याकडचा साक्षीदार मराठीत बोलतो, कागदावर कन्नड उतरतं. साक्ष त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवायला हवी. ते घाईत उरकू देऊ नकोस. २००८ मध्ये कलबुर्गीला हायकोर्टाचं पीठ बसलं आणि बंगळूरचा हेलपाटा वाचला, पण अपिलात हाच कागद वर जातो. बीदरला न विचारलेला प्रश्न तिथे विचारता येत नाही.

एक शेवटचं. ज्याच्या हातात कुऱ्हाड होती, त्याच्या आणि बाकीच्यांच्या बचावाच्या वाटा निराळ्या पडत असतील, तर त्याला दुसरा वकील द्यायला सांग. घरातली थोरली माणसं रागावतील, फीही कमी होईल. पण सगळ्यांना एका दावणीला बांधलंस, तर त्याच्यासोबत मेहुणाही जन्मठेपेला जाईल.

तुझा,
काका