चारमिनारी रुपयावरची निळी झाक

प्रश्न : आजीच्या गाठोड्यात निजामाचा चांदीचा चारमिनारी रुपया सापडला. काठाला निळी-जांभळी झाक आहे. ती आपोआप आलेली की कुणी चढवलेली? चिंचेने घासू का?
– एक वाचक, धारूर

उत्तर : घासू नका, ही विनंती आधी! चिंचेने गेलेली झाक परत येत नाही आणि नाण्याची मूळ चमकही जाते. धारूर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होते, तेव्हा हा रुपया तुमच्या घरात असणे स्वाभाविकच.

हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सल्फाइडचा पातळ थर धरतो. थर वाढेल तसा रंग पिवळा, तांबूस-जांभळा, मग निळा होतो. म्हणून नैसर्गिक झाक बहुधा काठाशी निळी, आत जांभळी, मध्याकडे पिवळी अशी अलगद विरत जाते. नाणे तिरपे फिरवले की खालची चमक हलते. गंधक लावून किंवा तापवून आणलेला रंग डागांसारखा, एकाएकी गडद होतो. मिनारांच्या झिजलेल्या टोकांवरही तो भडक असेल, तर मला शंका येते. तरी एका खुणेवर निकाल देऊ नये. नाणे थेट आजीच्या गाठोड्यातून आले आहे, त्यामुळे माझा कौल खऱ्या झाकेकडे आहे. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात मात्र ठेवू नका, हिरवा चिकट थर धरतो.