घटक ४ : विधी-परिभाषेचा अनुवाद – स्वीडिश ‘एडिशून’ या संज्ञेचे उदाहरण

४.१ प्रास्ताविक

मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण. रूपसाम्यावरून अर्थसाम्य गृहीत धरले की अनुवादक फसतो. न्यायालयीन लेखनात या चुकीची किंमत पक्षकाराला मोजावी लागते.

४.२ रूपसाम्याचा धोका

स्वीडनची न्यायप्रक्रिया संहिता १९४२ मध्ये संमत झाली व १९४८ पासून अमलात आली. तिच्या ३८व्या प्रकरणानुसार, पुरावा म्हणून महत्त्वाचा ठरू शकेल असा लेख ज्याच्या ताब्यात असेल, त्याला तो हजर करावा लागतो. मग तो पक्षकार असो वा त्रयस्थ. या कर्तव्याला ‘एडिशून’ म्हणतात. इंग्रजी ‘एडिशन’ हा शब्दही लॅटिनमधील ‘बाहेर देणे’ या अर्थाच्या धातूपासूनच आला. परंतु त्याचा अर्थ ‘आवृत्ती’ असा स्थिरावला. येथे तो निरुपयोगी आहे.

४.३ समकार्यी प्रतिशब्दाची मर्यादा

मग ‘डिस्क्लोजर’ योजावा काय? इंग्लंड व वेल्समध्ये १९९९ पासून दिवाणी प्रक्रियेत ‘डिस्कव्हरी’ऐवजी ही संज्ञा रूढ झाली. तेथील नेहमीच्या पद्धतीत पक्षकार स्वतःला बाधक ठरणाऱ्या कागदपत्रांचीही यादी प्रतिपक्षाला देतो. स्वीडनमध्ये असे सर्वसाधारण कर्तव्य नाही. तेथे विशिष्ट लेख, किंवा लेखांचा नेमका गट, निर्देशून न्यायालयाकडे मागणी करावी लागते. अनुवादात केवळ ‘डिस्क्लोजर’ वाचलेला इंग्रज पक्षकार प्रतिपक्षाच्या यादीची वाट पाहत राहील आणि आवश्यक मागणी करायची राहून जाईल.

म्हणून ‘कागदपत्र हजर करण्याचा आदेश’ या अर्थाची वर्णनात्मक इंग्रजी रचना करावी व प्रथम उल्लेखात मूळ संज्ञा कंसात द्यावी. रचना लांबते, पण अर्थ ढळत नाही.

४.४ आणखी एक संज्ञा

हा आदेश पाळला जावा म्हणून न्यायालय ‘वीते’ लावू शकते. ही आदेशभंग झाल्यास देय होणारी, आधीच ठरवलेली रक्कम होय. गुन्ह्याबद्दलच्या दंडाला स्वीडिशमध्ये ‘बोतर’ हा वेगळा शब्द आहे. दोहोंसाठी नुसते ‘फाइन’ लिहिल्यास हा भेद पुसला जातो. ‘वीते’पूर्वी ‘सशर्त’ या अर्थाचे विशेषण जोडावे.

४.५ सारांश

विधी-अनुवादात शब्दाला शब्द शोधण्यापूर्वी कोणी, कोणाकडे, केव्हा व काय करायचे, हे निश्चित करावे.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘एडिशून’ व ‘डिस्क्लोजर’ यांतील कार्यभेद स्पष्ट करा.
२. तुमच्या परिचयाच्या दोन भाषांतील, रूपाने समान पण अर्थाने भिन्न असे तीन शब्द द्या.