नागपूर गाठण्याआधी

बेटा, कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणून लगेच तो उचलून नागपूरला बर्डीवर नेऊ नको. पांढुर्ण्याहून गाडी पकडायची, अख्खा दिवस मोडायचा, आणि दुकानातला पोरगा रॅम काढून, पुसून, परत बसवून देणार. एवढं काम तुलाही जमतं.

आधी प्लग काढ. मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धर, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लाव, तेव्हाच आत हात घाल. कुठलीही वायर काढण्याआधी मोबाईलवर फोटो घेऊन ठेव. रॅमचे सोनेरी दात खोडरबरानं हलक्या हातानं घास, चुरा झटकून टाक आणि दोन्ही कडांचा ‘टक’ आवाज येईपर्यंत दाबून बसव. स्क्रीन आलीच नाही आणि रॅम दोन असतील, तर एकेक लावून बघ.

आपल्या भागात यंत्राला खरा त्रास कापसाचा. हंगामभर बारीक तंतू हवेत असतात. ते प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत जाऊन घट्ट बसतात. पंखा फिरताना दिसतो, पण हवा पार होत नाही. मग मे महिन्यात भर दुपारी मशीन आपोआप बंद पडतं आणि लोक म्हणतात, मदरबोर्ड गेला. गेलेला नसतो; प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून बंद होतो. म्हणून होळी झाली की मऊ ब्रशनं सगळं झाड. ब्लोअर मारशील तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर तो भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं. हीटसिंक काढलाच तर जुनी पेस्ट पूर्ण पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लाव. आणि कूलरच्या ओल्या झोतात मशीन कधी ठेवू नको.

तारीख सारखी मागे जाते, वेबसाईट असुरक्षित दाखवते, तेव्हा व्हायरस समजून घाबरू नको. बहुतेक वेळा सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा सेल संपलेला असतो. तो घड्याळवाल्याकडेही मिळतो.

हार्ड डिस्क कटकट वाजायला लागली तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नको. शेताचा खसरा, समग्र आयडीचे कागद, आजीचे फोटो आधी दुसरीकडे उतरवून घे. खरं तर ते एरवीही दोन ठिकाणी असलेच पाहिजेत. पार्ट नवा मिळतो, आजीचा फोटो मिळत नाही.

कॉम्प्युटरला वीज पुरवणारा एसएमपीएसचा डबा कधीच उघडू नको. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज साठलेली असते. तो गेला की बदलायचा.

मृगाचे ढग गडगडले की प्लगसोबत इंटरनेटची वायरही काढ; विजेचा झटका तिकडूनही येतो. प्लगची तिसरी, जाडी पिन तोडून काम भागवू नको, अर्थिंग तिथूनच मिळतं. उन्हाळ्यात माती वाळली की अर्थिंग कमजोर पडतं, म्हणून मागच्या अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी टाकत जा.