मूर्तीच्या पाठीवरील पक्षी

पॅसिफिक महासागराच्या अफाट जलराशीत रापा नुई नावाचे एक लहानसे बेट आहे. सन १७२२ मध्ये ईस्टरच्या सणादिवशी रोगेव्हेन हा डच दर्यावर्दी तेथे पोहोचला. म्हणून त्यास 'ईस्टर बेट' असेही म्हणतात.

या बेटावर 'मोआई' नावाच्या नऊशेंहून अधिक पाषाणमूर्ती आहेत. दिवंगत पूर्वज वंशजांचे रक्षण करतात, अशी बेटवासीयांची श्रद्धा होती. म्हणून किनाऱ्यालगत दगडी ओटे बांधून त्यांवर त्यांनी या मूर्ती उभ्या केल्या. बहुतेक मूर्तींचे मुख समुद्राकडे नसून वस्तीकडे आहे.

पुढे उपासनेची रीत पालटली. ओरोंगो येथील कड्यावर दरवर्षी लोक जमत. निवडलेले तरुण कडा उतरून, खवळलेला समुद्र पोहून, मोतू नुई या खडकाळ बेटावर जात आणि सुरय पक्ष्याच्या पहिल्या अंड्याची वाट पाहत. ज्याच्या सेवकाला ते प्रथम मिळे, तो पुरुष वर्षभर 'पक्षिमानव' म्हणून पूज्य ठरे.

सन १८६२-६३ मध्ये पेरू देशातून आलेल्या गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो बेटवासीयांना पळवून नेले. त्यात परंपरेचे जाणकारही गेले. मागून रोगराई आली. सन १८७७ मध्ये बेटावर अवघे १११ रहिवासी उरले. सांगणारे गेले, तेव्हा दगडांनाच विचारणे प्राप्त झाले!

ओरोंगोच्या एका घरात अर्धवट पुरलेली एक मोआई होती. सन १८६८ मध्ये इंग्रज नाविकांनी ती नेली. आज ती लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे. समोरून ती इतर मोआईंसारखीच दिसते. पाठीवर मात्र पक्षिमुखी मानवांच्या आकृती कोरलेल्या आहेत. अशाच आकृती ओरोंगोच्या खडकांवर विपुल आढळतात. यावरून विद्वानांनी अनुमान काढले, की पाठीवरील कोरीवकाम मागाहूनचे आहे. नव्या उपासकांनी जुनी मूर्ती फोडली नाही. तिलाच नव्या विधीत स्थान दिले.

सन २०१८ मध्ये बेटावरील प्रतिनिधी लंडनला गेले आणि त्यांनी ही मूर्ती परत मागितली. जगाच्या दृष्टीने ती पुराव्याची वस्तू असेल. त्यांच्या दृष्टीने ती पूर्वज आहे.

स्वाध्याय
१. मूर्तीच्या पाठीवरील आकृती मागाहून कोरल्या, हे विद्वानांनी कशावरून ठरविले?
२. 'सांगणारे गेले, तेव्हा दगडांनाच विचारणे प्राप्त झाले', या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.